फक्त डॉक्टरसाठी

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कोणालाच नव्हतं. रक्तातला आजार, जन्मापासूनचा. थंडी लागली, फार थकली, पाणी कमी प्यायली, की तिची हाडं ठणकायला लागत आणि ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राही. दवाखान्यात नेलं की आधी आडनाव विचारत. ते सांगितल्यावर समोरच्याच्या आवाजात जो फरक पडतो, तो आम्हाला लहानपणापासून बरोबर ऐकू येतो. बहीण सावळी, काळीच म्हणा ना. अंगातलं रक्त कमी झालं तरी तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे मग नाटक. हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की अजूनही डोकं तापतं.

म्हणूनच त्या अ‍ॅपचं काम मी हट्टाने मागून घेतलं. डॉक्टरसमोर ज्या बायांचं कोणी ऐकून घेत नाही, त्यांची बाजू मांडणारं अ‍ॅप. संस्था पुण्याची, मी साकोलीत घरी बसून डिझाइन करायची. पुण्याहून आलेल्या पहिल्या चित्रातली बाई गुलाबी होती. कोंढा गावच्या बायांना दाखवलं तेव्हा एकीने फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "ही कोनाची सून आहे वो? धानाच्या बांधीत त कधी उतरलेली दिसत नाई." सगळ्या पोट धरून हसल्या. मी चित्र बदललं. 'चेहरा फिकट पडलाय का' हा प्रश्न काढला, त्याजागी जीभ, नखं आणि पापणीची आतली बाजू पाहायला सांगितलं. आमच्या कातडीवर आजार तिथेच दिसतो. पुण्याच्या लोकांशी त्यावरून माझी चांगलीच जुंपली होती, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

पुढचं बटण दाबलं की फोन खणखणीत बोलायचा, "मला सिकलसेल आहे. माझं दुखणं खरं आहे." हे ऐकल्यावर मात्र बाया हसल्या नाहीत. एक जण म्हणाली, "बोलते हे चांगलं आहे, पन सासूपुढं नोको बोलू म्हना याले." बाकीच्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे हा आजार कळला की ठरलेली सोयरीक मोडते आणि लग्न झालेलं असलं तर पोरीला माहेरी आणून सोडतात. मी आवाज काढून टाकला. त्याऐवजी एक पान केलं, मोठ्या अक्षरांचं. वर लिहिलं, 'फक्त डॉक्टरसाठी.' फोन डॉक्टरसमोर धरायचा, त्याने वाचायचं, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. या पानावर मी भलतीच खूश होते.

त्याच सुमारास बहिणीचं लग्न झालं, लाखनीजवळच्या एका गावात. आईने सोयऱ्यांना काही सांगितलं नाही. मी भांडले, पण बहिणीनेच माझ्यापुढे हात जोडले. मुलगा तिला आवडला होता. मी गप्प बसले आणि तिच्या फोनमध्ये आमचं अ‍ॅप टाकून दिलं.

पावसाळ्यात, धानाची रोवणी जोरात सुरू असताना, जावयाचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, फोन आला. "ताई, हिचं आंग लय दुखून राहिलं. लाखनीले दवाखान्यात आनलं." मी तशीच निघाले. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, बस सरकेना, आणि मला एकच विचार छळत होता: छातीत तर दुखत नसेल ना? या आजारात छाती धरली की जीव जातो, हे मी स्वतःच त्या अ‍ॅपमध्ये लिहिलं होतं.

छातीतच दुखत होतं. वॉर्डात ती कुशीवर वळून धापा टाकत होती. उशाशी तिची सासू, नऊवारीच्या काठावर चिखल वाळलेला. जावई औषधं आणायला गेला होता. डॉक्टर म्हणाले, "गॅस झालाय. इंजेक्शन दिलंय, वाटेल बरं." मी म्हटलं, "तिला श्वास घेता येत नाहीये." ते म्हणाले, "घाबरल्यात. चेहरा बघा, चांगला आहे." मी खाली वाकून तिचं बोट हातात घेतलं. नखं निळसर होती. मी ते डॉक्टरांना दाखवणार तोच तिने माझं मनगट आवळलं. "ताई, नोको," ती पुटपुटली. सासू आमच्याकडेच बघत होती.

बहिणीचा संसार की बहीण, एवढाच हिशेब होता. मी तिच्या उशीखालचा फोन काढला, ते पान उघडलं आणि सासूकडे पाठ करून डॉक्टरांच्या पुढ्यात धरलं. मनात म्हटलं, याचसाठी तर केलंय हे. ते वाचतील, समजतील, कोणाला कळणार नाही.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि तक्ता वाचून दाखवावा तसं खड्या आवाजात वाचलं. "मला सिकलसेल आहे. लहानपणापासून. छातीत दुखत असल्यास ताबडतोब ऑक्सिजन..." मग माझ्यावर डाफरले, "अहो, सिकलसेल आहे तर आधी का नाही सांगितलं?" शेजारच्या खाटेवरचे पाहुणेसुद्धा वळून बघायला लागले. कोंढ्याच्या बायांसाठी मी इतकं डोकं लढवलं, आणि आमच्या दवाखान्यांत कोणी मनात वाचतच नाही हे एकदाही सुचलं नाही.

मग मात्र पळापळ झाली. ऑक्सिजन लागला, सलाइन लागलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, भंडाऱ्याला न्यायला गाडी बोलावली. या सगळ्यात सासू भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती आता काय बोलणार, आणि मी तिला काय काय सुनावणार, हे मी मनात तयार ठेवलं होतं.

ती खाटेजवळ आली. "हा रोग का मले नवा आहे?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "रोज पान्यात उभी केली मी तिले. कमर दुखते म्हने, त मले वाटलं नवी नवरी नखरे करून राहिली. सांगतलं काहून नाई? सांगतलं असतं त बांधीत पाय ठेवू देला असता का मी तिले?"

तयार ठेवलेल्यातलं काहीच याला लागू नव्हतं. मला लाज वाटली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम.

बहिणीने ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला. सासूला ती मामी म्हणते. "मामी," एकेक शब्दाला थांबत ती म्हणाली, "सांगतलं असतं त तुमी मले सून करून आनलं असतं का?"



"नसतं आनलं," सासू म्हणाली. मग तिने मास्क उचलून बहिणीच्या नाकावर नीट बसवला आणि वरून हात तसाच दाबून धरला. "आता बोलू नोको."