बुवांच्या चालीवर

फोन आला तेव्हा मी गॅरेजसमोर उभी राहून गाडीतून वाणसामान काढत होते. अनयाचा होता, श्रीकांतच्या मुलीचा. "मावशी, ही इज गॉन," एवढंच म्हणाली, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे देवा! कधी? टूर तर धड पार पडली ना त्यांची?" तशी ती मराठीत म्हणाली, "मावशी, बाबा." आमच्या दोन घरांत इतकी वर्षं ज्या बातमीची धास्ती होती ती ब्राझीलमधल्या एका ऐंशी ओलांडलेल्या गायकाची. त्यांना साधा ताप आल्याचं कुठे वाचलं की श्रीकांत मला फोन करायचा, घरातलंच कुणी आजारी असल्यासारखा. ते गृहस्थ आजही ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या काळजीनं अर्धा झालेला आमचा माणूस सत्तरी गाठायच्या आत निघून गेला. लोक म्हणतात, सुटला बिचारा. मला मात्र राग येतो. दीड महिना झाला, अजून येतो.

त्या गायकाचं नाव मी इथे लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि न ओळखणाऱ्यांचं काही अडत नाही. श्रीकांत त्यांना 'बुवा' म्हणायचा. स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतः गातात, मग त्यांना बुवा नाही म्हणायचं तर कुणाला, असं त्याचं म्हणणं. आमची ओळखच मुळी बुवांमुळे झाली. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला आम्ही नवीन होतो. मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम एका शाळेत होता आणि तिळगुळाचे डबे गाडीत विसरले म्हणून मी बाहेर आले, तर पार्किंगमधल्या एका गाडीतून चक्क तो आवाज! ॲन आर्बरला शिकत होते तेव्हा माझी रूममेट ब्राझीलची होती, तिच्याकडे मी हा आवाज ऐकलेला. मी जाऊन काचेवर टकटक केली. आतल्या माणसानं ओठांवर बोट ठेवलं आणि गाणं संपेपर्यंत मला बर्फात उभं केलं. मग काच खाली करून विचारलं, "तुम्ही ओळखता ह्यांना?" म्हटलं, "ओळखते हो, पण आता माझे पाय मला ओळखत नाहीयेत." तो इतका हसला की आतून त्याची बायको मंजिरी काय झालं म्हणून बघायला आली. त्या दिवशी डबे राहिलेच. मंडळात मला अजून त्याबद्दल टोमणे मिळतात.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये आमची बैठक. बैठकच म्हणायची ती. सतरंजी, लोड, कोपऱ्यात टर्नटेबल, आणि सगळे नियम श्रीकांतचे. रेकॉर्ड लावली की पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. मधलंच एखादं आवडतं गाणं काढून ऐकणं म्हणजे पंगतीत नुसतं श्रीखंड चाटून उठणं, असं त्याचं ठाम मत. बोलायचं नाही. दाद द्यायला मुभा. चहा फक्त रेकॉर्डची बाजू उलटताना. बुवांचे सुरुवातीचे अल्बम आमचे दोघांचेही लाडके. नुसती गिटार आणि आवाज, तोही इतका जवळून की श्वास घेतलेला ऐकू यावा. गाणं तालाच्या जरासं मागे रेंगाळत राहतं, आता हा पडणार असं वाटतं, आणि अगदी नेमक्या जागी येऊन बसतं. मधे सिंथेसायझरचा एक काळ आला, त्यावरून मात्र आमची कडाक्याची भांडणं. मी म्हणायचे, हे अल्बम सरळ यार्ड सेलला काढ. तो म्हणायचा, "अगं, गवयाचा आवाज बसलेला असला म्हणून आपण मैफिलीतून उठून जातो का?" आणि मग उतारवयातले अल्बम... वरचा सूर आता लागत नाही हे बुवांना माहीत आहे, म्हणून ते तो घेतच नाहीत. त्याच्या अलीकडे थांबतात आणि उरलेलं आपल्यावर सोडतात. श्रीकांत तिथे न चुकता "वा!" म्हणायचा. न घेतलेल्या सुराला दाद देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पोर्तुगीज आम्हाला शष्प येत नव्हती. मी आपली नेटवरून भाषांतरं शोधून आणायचे, आणि हा कानांवर हात ठेवायचा. "बंदिशीचे बोल तरी तुला कुठे कळतात? तरी डोलतेस ना?" शब्द त्याला सगळे पाठ, उच्चारासकट, अर्थ एकाचाही नको. मंजिरीला हे सगळं म्हणजे शुद्ध वेड वाटायचं. तिला भावगीतं आवडायची, शब्द कळणारी. "झालं का तुमचं आँव-आँव?" असं ती जिन्यातून ओरडली की समजावं, पोहे तयार आहेत.

मग बुवा बॉस्टनला आले. आम्ही दोघं गेलो. मंजिरी म्हणाली, मला त्या पैशांत चांगली पर्स येईल. हॉल भरलेला. आपले अमेरिकन लोक चर्चमध्ये बसावेत तसे बसलेले, आणि वरच्या बाल्कनीत ब्राझीलची मंडळी पहिल्या ओळीपासून प्रत्येक गाणं बुवांच्या बरोबरीनं गाताहेत. श्रीकांतचा नुसता जळफळाट. "गाणारा गातोय ना? मग ह्यांना कुणी सांगितलंय?" आणि स्वतः काय केलं, तर बुवांनी एक जागा अशी काही घेतली की हा हात वर करून ओरडला, "क्या बात है!" सगळा हॉल वळून बघायला लागला. जागा दाखवणारी एक बाई येऊन हळूच सांगून गेली, सर, प्लीज. मी खुर्चीत जेवढी खाली सरकता येईल तेवढी सरकले. पण स्टेजवर बुवांनी मान उचलली, आवाजाच्या दिशेनं बघितलं, आणि तीच जागा पुन्हा घेतली. शपथेवर सांगते. पुन्हा घेतली, थोडी सावकाश. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरची बाई श्रीकांतला म्हणाली, "तुम्ही इतके खूश, मग गात का नाही?" हा म्हणाला, "मी ह्यांना ऐकायला आलोय." ती म्हणाली, "आम्ही ह्यांना एकटं पडू द्यायचं नाही म्हणून गातो." ही लूसिया. फ्रेमिंगहॅमला तिची बेकरी आहे. तिथले चीज घातलेले गोल गरम पाव पुढे आमच्या बैठकीत पोह्यांच्या शेजारी येऊन बसले, आणि गावं की ऐकावं हा वाद त्या दोघांत शेवटपर्यंत मिटला नाही.

दोन वर्षांपूर्वी पानगळीत, ड्राइव्हवेवरची पानं गोळा करता करता श्रीकांत खाली बसला तो उठलाच नाही. पक्षाघात. पाय थोडा सावरला, उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. डोळ्यांत शब्द अगदी भरून यायचे, आणि तोंडातून 'हो' आणि 'नाही', तेही उलटसुलट. बोलघेवडा माणूस तो, त्याची ती तडफड बघवत नसे. पण खरे हाल झाले ते मंजिरीचे. श्रीकांत तिला 'मंजू' म्हणायचा, आणि तसं म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. ती रोज त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. "मंजू म्हण. एकदाच म्हण ना रे." तो तोंड उघडायचा, लालबुंद व्हायचा, डाव्या हातानं मांडीवर थाप मारायचा... आणि मग दोघंही दुसरीकडे बघायचे.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं राहतं, ओळखीची गाणी लावून बघा. मंजिरीनं भावगीतं लावली, आरत्या म्हटल्या, शाळेतली प्रार्थनासुद्धा म्हणून बघितली. तो नुसते ओठ हलवायचा. शेवटी मी खाली जाऊन टर्नटेबल वर आणलं आणि बुवांचा पहिला अल्बम लावला. दुसऱ्या ओळीला श्रीकांत गायला लागला. अडखळत नाही, चाचपडत नाही. अख्खं कडवं, स्वच्छ, उच्चारासकट! मी टाळ्या पिटायला लागले आणि मंजिरीकडे बघितलं, तर ती ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेले. सिंकवर दोन्ही हात टेकून उभी होती. "इतकी वर्षं संसार मी केला," ती म्हणाली, "आणि ह्याच्या तोंडात राहिलं काय, तर ते आँव-आँव. ज्यातला एक शब्द त्याला कळत नाही ते राहिलं. मी नाही राहिले." नळ चालू होता, तो मी बंद केला.

थेरपिस्टला मात्र हे ऐकून आनंद झाला. म्हणाली, चाल सापडतेय ना, मग तिच्यात तुम्हाला हवे ते शब्द घाला. काही दिवस मंजिरीनं त्या रेकॉर्डकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग एका सकाळी मला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अगं, तो निळ्या कव्हरचा अल्बम आहे ना, त्यातल्या दुसऱ्या गाण्यात शेवटी चाल वर जाते, तिथे 'पाणी हवंय' बरोब्बर बसतं." मी उडालेच. बाईनं सगळे अल्बम ऐकून काढले होते. कुठे चार अक्षरं मावतात, कुठे पाच, कुठल्या चालीत त्याला सहज सुरुवात करता येते... 'पाठ दुखतेय' एका संथ गाण्यावर, 'औषध झालं' एका नाचऱ्या गाण्यावर. 'साखर कमी' म्हणे फक्त त्या सिंथेसायझरच्या अल्बमवरच बसतं. मी जीभ चावली. त्या घरात मग दिवसभर असं गाऊन गाऊन बोलणं चालायचं, ती विचारायची, तो उत्तर द्यायचा, आणि अनया फोनवर म्हणायची, "इट्स लाइक अ म्युझिकल, मावशी." पाणी आलं, औषध आलं, दुखणं आलं. नाव नाही आलं. मंजिरीनं सगळ्या चालींवर घालून बघितलं. मी विचारलं की म्हणायची, "हाक कशाला मारायला हवी? मी समोरच तर असते." आणि लगेच पदार्थाबिदार्थाचं काहीतरी काढायची.

गेल्या पानगळीत बुवांची निरोपाची टूर बॉस्टनला आली. ह्या वेळी मंजिरीही आली. व्हीलचेअरसाठी कडेची जागा, तिच्या बाजूला आम्ही दोघी आणि लूसिया. बुवा खुर्चीत बसून गायले. आवाज आता नुसता धागा राहिलाय. बाल्कनी गात होती, खालचे लोकही ह्या वेळी गायला लागले होते, आणि श्रीकांत, ज्यानं जन्मभर गाणाऱ्यांना नावं ठेवली, तोही डोळे मिटून गायला लागला. निळ्या अल्बममधलं दुसरं गाणं. चाल वर गेली आणि ह्यानं खणखणीत आवाजात म्हटलं, "पाणी हवंय!" मंजिरी दचकली, पर्समध्ये हात घालून बाटली काढली, झाकण उघडून त्याच्या तोंडाला लावली. त्यानं डोळे उघडले, बाटली डाव्या हातानं ढकलली आणि असा काही चिडून बघायला लागला! तहान कुणाला लागली होती? गात होता तो! लूसिया हसता हसता रडायला लागली. मंजिरीच्या साडीवर अर्धी बाटली सांडली होती, आणि किती महिन्यांनी मी तिला खदाखदा हसताना बघत होते. पण परत येताना गाडीत ती मला हळूच म्हणाली, "वाटलं होतं, आज बुवा समोर आहेत... आज तरी म्हणेल." मागच्या सीटवर श्रीकांतला झोप लागली होती.

हिवाळा कसाबसा गेला आणि वसंतात दुसरा झटका आला, झोपेतच. फार त्रास झाला नाही, म्हणतात. अंत्यविधीला लूसिया गायली. आम्ही बाकीचे गप्प उभे होतो, कारण त्याला तसंच आवडलं असतं. सगळ्यात मला एकच गोष्ट सलत होती, की मंजिरीचं ते एवढंसं मागणं तसंच राहून गेलं. देवानं एवढं तरी द्यायला हवं होतं, असं माझ्या मनात शंभरदा आलं.

परवा गेले होते तिच्याकडे. जूनचा उकाडा, एसी बिघडलेला, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. अनया आवराआवर करायला आली होती. मला म्हणाली, "मावशी, रेकॉर्ड्स तुम्ही घेऊन जा. आई कधीच ऐकणार नाही त्या." मंजिरी आतून आली. "हात लावायचा नाही," म्हणाली आणि सगळ्यांत शेवटचा, म्हातारपणातला अल्बम काढून स्वतः लावला. मी बसले. आम्ही बोललो नाही. नियम तो नियम. शेवटच्या गाण्याला मंजिरीनं कपाळाला आठी घातली. "चुकतंय हे."

"काय चुकतंय?"

"तुमचे बुवा. इथे असं नाहीये." आणि बुवा त्यांच्या भाषेत गात असताना ती त्यांच्यावरून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंजू, खिडकी लाव... गार वाजतंय..." चालीत फिट्ट बसलं.

मी तिच्याकडे वळले. "हे कधी गं?"

"सगळा हिवाळा. रोज संध्याकाळी म्हणायचा. मी नव्हतं बसवलं, त्याचं त्यानं शोधलं. कधीकधी खिडकी लावलेलीच असायची, तरी म्हणायचा."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही सगळं बैठकीत वाटून घेतलंत," ती म्हणाली, "हे माझं होतं."

गाण्यात ती ओळ पुन्हा येते. ती आली तशी मंजिरी उठली आणि जाऊन खिडकी लावून आली. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत आम्ही दोघी त्या उकाड्यात तशाच बसून राहिलो.