चहा नको म्हणणारा प्लंबर

डोंबिवलीच्या आमच्या घरात नळ दुरुस्तीला येणारा तो प्लंबर पहिल्या खेपेला चहाला ठाम नाही म्हणाला. आई आग्रह करायला लागली, तेव्हा हात पुसत बोलला, “नको काकू. चहा घेतला की मी घरचा होतो, आणि घरच्याला पैसे कोण देतं? ‘संध्याकाळी पाठवतो’ म्हणतात, मग फोनच उचलत नाहीत.”

मी मुकाट्याने मोबाइलवरून पैसे पाठवले. त्याचा फोन वाजला, तसा तो स्टुलावर ऐसपैस बसला. “आता टाका काकू. आलं घालून.”

आईने ते बरोबर लक्षात ठेवलं. पुन्हा नळ गळायला लागला, तेव्हा तो दारात येताच तिने कपच पुढे केला. त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसत चहा संपवला. नळ दुरुस्त करून पान्हे पिशवीत भरले. पैशांचं अवाक्षर नाही. आईच्या चेहऱ्यावर विजय मावेना.

चपला घालताना तो म्हणाला, “काकू, आता मी घरचाच. रविवारी सगळ्यांना घेऊन जेवायला येतो. आम्ही सात जण आहोत.”

आई माझ्यावर खेकसली, “अरे, बघत काय बसलायस? आधी त्यांचे पैसे दे!”