ऑर्विल स्टॅम्परची धडधड

केंटकीच्या डोंगरांतल्या आमच्या खोऱ्यात ऑर्विल स्टॅम्पर शाळेची बस चालवायचा. मी त्याच बसमधून मोठा झालो. साहित्याची पदवी घेऊन परतलो तेव्हा म्हणाला, "आता काय, पुस्तकं उकडून खाणार?"

आमच्या चर्चमध्ये बुधवारी एकेकानं उभं राहून आपली पापं सांगायची पद्धत आहे. बाकीचे आवरतं घेतात. ऑर्विल सगळं सांगायचा. बायकोशी खोटं बोललो. शेजारच्या लोरेटाची सफरचंदं न विचारता तोडली.

"मागितली असतीस तर पिशवी भरून दिली असती, मेल्या," लोरेटा मागच्या बाकावरून म्हणायची. सगळे हसायचे.

मार्चमध्ये लोरेटा स्वयंपाकघरात मेलेली सापडली. कुणीतरी डोक्यात घाव घातला होता. त्या दुपारी तिचा नळ दुरुस्त करायला ऑर्विल गेला होता. शेरिफनं विचारलं, खोटं पकडायची ती पॉलिग्राफ चाचणी देशील? तो लगेच तयार झाला. वकीलही नको म्हणाला.

त्या चाचणीत आधी किरकोळ पापं विचारतात. कधी जवळच्या माणसाशी खोटं बोललात? निर्दोष माणूसही इथं काहीतरी लपवतो आणि बिचकतो. खुनाच्या प्रश्नाला तो याहून कमी बिचकला, तर सुटला. ऑर्विलनं सगळी पापं सांगून टाकली. "याशिवाय काही?" "नाही." ते खरंच होतं. यंत्राच्या कागदावरची रेघ हलली नाही. मग लोरेटाचं नाव आलं आणि रेघ उसळली.

असला आलेख कोर्टात चालत नाही. शाळेला चालला. बसची किल्ली गेली.

पुढच्या बुधवारी ऑर्विलनं नेहमीसारखी पापं सांगितली. पास्टर म्हणाले, "आणखी काही, ऑर्विल?" कुणी हसलं नाही. मग दर बुधवारी तेच.

मी त्याच्याकडे जायचो. तो बीन्स आणि मक्याचा पाव पुढं करायचा, स्वतः खायचा नाही.

"काका, ते यंत्र नुसता घाम मोजतं, धडधड मोजतं."

"धडधडलं ना पण?"

"तुमची शेजारीण मेली होती. कुणाचंही धडधडेल."

"यंत्राला माझ्याशी काय वैर, पोरा? मला आठवत नसेल तर?"

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी पास्टरांनी पुन्हा विचारलं. ऑर्विल बाकाला धरून उभा होता. म्हणाला, "लोरेटाला मीच मारलं असणार."

'असणार' कुणी ऐकलंच नाही. शेरिफचा माणूस तिसऱ्या बाकावर होता. त्या रात्री त्यांनी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. कबुली कोर्टात चालते. जन्मठेप झाली.

परवा भेटलो. मध्ये काच होती. तो वाळला होता, पण शांत होता. म्हणाला, बरं वाटतं, आता काही लपवलेलं नाही.

मी फोन कानाला धरून विचारलं, "काका, कशानं मारलंत तिला?"

तो बराच वेळ आठवत बसला.

"हातोडीनं," तो म्हणाला. "असं म्हणाले ते."