पित्ताशय तिकडे, उरलेला मी इकडे

माझं पित्ताशय मस्कतच्या एका इस्पितळात राहिलं आणि उरलेला मी पुण्यात आलो. एवढं सांगितलं की नातेवाईक हसतात आणि तब्येतीबद्दल पुढचं विचारत नाहीत. सोय होते.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस तिकडच्या खोलीवरच काढले. सोबत राहणारा केरळचा सहकारी तांदळाची पेज करून द्यायचा आणि मी फोनवर बायकोला सांगायचो, "तू कशाला येतेस, शाळेची रजा जाईल." ती "बरं" म्हणायची. मग कंपनीनं लांब रजा दिली. आखातात गेल्यापासून इतकी सलग सुट्टी पहिल्यांदाच. पोटाला भोकं पडून का होईना, घरी राहायला मिळणार म्हणून मी विमानात नवरदेवासारखा बसलो होतो.

घरी आलो तर पलंगावर माझ्या बाजूला मुलांचे तपासायचे पेपर, इस्त्रीचे कपडे आणि शेकायची पिशवी असा संसार थाटलेला. बायकोनं लगबगीनं सगळं जमिनीवर ठेवलं. "थांबा हं, जागा करते."

चहा आला तो शोकेसमधल्या कपबशीतून. त्या दोघी मायलेकी स्टीलच्या पेल्यातून पीत होत्या. खराडीला नोकरी करणारी माझी लेक म्हणाली, "बाबा, काही लागलं तर मला मेसेज कर हं." ती शेजारच्याच खोलीत असते.

आपला उपयोग व्हावा म्हणून मी एका दुपारी स्वयंपाकघरातले डबे नीट लावून ठेवले. संध्याकाळी आतून आवाज आला.

"अहो, हिंग कुठे गेला?"

"वरच्या फळीवर. सगळं ओळीनं लावलंय, बघ."

"तेच तर. एरवी न बघता सापडायचा, आता बघावं लागतंय."

पुण्यात याला भांडण म्हणत नाहीत. मी हसून सोडून दिलं.

मग एकदा ती गॅलरीत मैत्रिणीशी बोलत होती. "नाही गं, या रविवारी नाही जमणार. घरी पाहुणे आहेत." कोण आलंय म्हणून मी खरोखर दाराकडे पाहिलं. ती वळली, तिला मी दिसलो.

"तोंडातून गेलं हो."

"त्यात काय," मी म्हणालो आणि पेपर उलटा धरून वाचत बसलो.

दोन दिवसांनी ती माझ्या पलंगाशी बसून कोबी चिरत होती. मनातल्या मनात घोकून ठेवलेलं वाक्य मी म्हणून टाकलं. "नोकरी सोडतो. आता इथेच राहतो."

सुरी थांबली. "राहा ना. घर तुमचंच आहे."

"हे आपण आलेल्या-गेलेल्यांना म्हणतो."

तिनं सुरी ताटात ठेवली. "खरं सांगू? सुरुवातीची वर्षं मी रोज रडायचे. मग कधी थांबले ते कळलंच नाही. तुम्ही राहिलात तर चांगलंच आहे. पण मला जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा होत नाहीये. त्याचंच वाईट वाटतंय."

तिचे डोळे भरले होते. जवळ जावं म्हणून मी उठायला लागलो. पण हल्ली आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा रेटा द्यायचा, मग पाय खाली सोडायचे, असं माझं उठणं असतं. ते होईस्तोवर तिनं डोळे पुसले होते आणि कोबी घेऊन ती आत गेली होती.

काल परतीचं तिकीट काढलं. "इतक्यात?" ती म्हणाली. वाईट वाटलं होतं तिला, ते खोटं नव्हतं. पण तिचे खांदे सैल झालेलेही मी पाहिले. मी म्हणालो, "कामं खोळंबलीत तिकडे." कुठली कामं, हे तिनं विचारलं नाही. डॉक्टरांनी मला वजन उचलू नका म्हणून बजावलंय, तेव्हा लिफ्टपर्यंत माझी बॅग तीच नेणार आहे.