शकूच्या नावावर माझं बोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भाचीला नाही, देवापुढंही नाही — हात जोडताना हे उजव्या हाताचं बोट मी आपोआप आत मुडपून घेते. मग तुम्हाला कशाला सांगतेय? माहीत नाही बघा.

माझी भाची रेखा, भावाची लेक. तिनं एक यंत्र केलंय. बोट चिमट्यात घालायचं — सुई नाही, टोचणं नाही — की अंगात रक्त किती ते आकड्यात दिसतं. पुरेसं असलं तर हिरवा दिवा, कमी असलं तर लाल. शहरात दवाखान्याच्या वस्तू करणाऱ्या अशा नव्या कंपन्या एकाच आवारात भरल्यात, एकमेकींच्या आधारानं वाढतात. तिथं रेखाला दोन टेबलांची जागा. यंत्र खेड्यात चाललं तर मोठी जागा मिळणार होती. आणि खेडं म्हणजे कोण? मी! आष्टीकडच्या आमच्या गावात बायकांची दुखणी बघत माझे केस पांढरे झाले. बायका माझं ऐकतात — तेच वाईट झालं.

टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी समाजमंदिरात तपासणी ठेवली. आवारातली साहेब मंडळी बघायला आलती. पुरुषांसमोर बायका बसेनात, म्हणून साडीचा आडोसा केला. आडोशाआड मी आणि यंत्र. बाहेर रेखा, तोंड सुकलेलं.

शकू आली. तिचं बोट घातलं — आकडा येईना. पुसलं, चोळलं, दुसरं घातलं. छे!

"मावशी, तुमचं मशीन मला वळखंना," ती हसली. "कोयत्यानं बोटाच्या रेघाच खाल्ल्या की!"

सवयीनं मी तिची पापणी खाली ओढून बघितली. आतून पांढरीफट्ट. मला दिसलं — हे नीट ऐका, मला दिसलं होतं. तरी म्हणाले, "जा, झालं. हिरवं आलंय." ती उठली, आणि तिच्या नावावर मी माझं बोट घातलं.

मग तसल्या हातांच्या आणखी सहा जणी आल्या. मी बोटं बदलत गेले — कधी करंगळी, कधी डावा अंगठा. केवढी हुशारी, नाही का? शेवटी एक साहेब म्हणाले, "आजी, तुमच्या गावच्या बायका लई ठणठणीत हायेत!" रेखा दिवसभरात पहिल्यांदा हसली.

शकू उसाच्या फडात पडली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना. दवाखान्यात रक्त चढवलं म्हणून वाचली. पोटात तीन महिन्यांचं होतं, ते गेलं. टोळी परतल्यावर माझ्यासाठी गुळाची ढेप घेऊन आली. म्हणाली, "मावशी, तुमी तर तपासलं होतं, हिरवं आलं होतं. मग माझ्याच वाट्याला हे काहून आलं?"

मी? तिनं दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकला.

आता रेखाकडं अख्खा मजला हाय. भिंतीवर माझा फोटो. उद्या कुठल्या गावात आकडा आला नाही, तर तपासणारी बाई यंत्राचं नाही, आपलंच चुकलं म्हणेल — आमच्या गावात सगळ्यांचं चाललं ना! दिवसातून कितीदा हे डोक्यात येतं.

काल रेखाचा फोन आला. "आत्या, टोळ्या निघायच्या आत धर्मापुरीकडं यंत्रं पाठवतेय."

मी म्हणाले, "लई चांगलं, बाई."