पाहुणे आले, आत व्हा

‘पाहुणे आले. आत व्हा,’ सुपरवायझर म्हणाला.

आम्ही आत झालो. त्यानं दार ओढलं, बाहेरून कडी घातली. कडी नीट बसेना म्हणून कुलूप लावलं. शेळ्या कोंडतानाही माणूस एकदा आत डोकावून बघतो. यानं तेवढंही केलं नाही.

स्टेशनचं नाव लिहीत नाही. पुणे-लोणावळा लोकल थांबते, पुलावरून एकीकडे जुनं गावठाण दिसतं आणि दुसरीकडे कंपन्यांच्या शेड, एवढं पुरे. तिथं फलाट झाडायचं, वेटिंग रूम पुसायचं, संडास धुवायचं काम कंत्राटावर. कामाला मी आणि गोदामावशी. आमच्या आधी होत्या त्याही आमच्याच वस्तीतल्या, आमच्याच जातीच्या. कंत्राटदार बदलतात, ही जात काही बदलत नाही.

पाहणीला कुणी आलं की झाडूवाल्या दिसायच्या नाहीत, अशी पद्धत होती. कुणी पाडली कोण जाणे. स्टेशन चकाचक पाहिजे, पण ते आपोआप चकाचक झाल्यासारखं वाटलं पाहिजे. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, का म्हणून? सुपरवायझर म्हणाला, ‘बरं दिसत नाही.’ गोदामावशी जन्मापासून इथली, मावळातली. तिला त्याचं काही वाटेनासंच झालं होतं. पाहुणे म्हटलं की ती आपणहून झाडू उचलायची आणि खोलीकडे निघायची.

खोली म्हणजे पुलाच्या जिन्याखालची अडगळ. फिनेलचे कॅन, बादल्या, फाटकी पोती. खिडकी नाही. वर हातभर जाळी, तीही कोळिष्टकांनी भरलेली. उभं राहिलं की डोक्याला जिना लागतो.

त्या दिवशी पलीकडच्या वेटिंग रूममध्ये समारंभ होता. स्टेशनच्या इतिहासाचा फलक लावणार होते. मध्ये एकच भिंत, वर स्पीकर, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता. आधी इथं नुसता थांबा होता म्हणे. मग कारखाने आले, कामगार आले, फलाट लांबला, पूल झाला, तिकिटाचं मशीन बसलं. कुठल्या साहेबाच्या काळात काय झालं ते सगळं सांगून झालं. प्रत्येक नावाला टाळ्या.

गोदामावशी माझ्या कानाशी लागली. ‘माझ्या आयनं हितं खडी वाह्यली. मी व्हते तिच्या पोटात.’

‘मग ओरडून सांगू का त्यांना?’

‘गप ऱ्हा. पाव्हणं हायेत.’

भाषणं संपली. बशा वाजल्या. साहेबांच्या गाड्या गेल्या. आता दार उघडेल, मग उघडेल, म्हणून आम्ही पोत्यावर बसून राहिलो. आवाज दिला नाही. का नाही दिला, हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. कारण इतकंच, की ‘या बाहेर’ असं कुणी म्हटलं नव्हतं. पाहुणे असताना गप्प राहायची सवय इतकी अंगात मुरलेली, की पाहुणे गेल्यावरही तोंड उघडेना. एक लोकल आली. उतरलेली माणसं आमच्या डोक्यावरून धडधडत जिना चढून गेली. तेव्हासुद्धा आम्ही गप्प.

ती दुपारची शेवटची लोकल होती. त्यानंतर आमच्या मार्गावर बराच वेळ लोकल नसते. लोक तक्रारी करून थकले. स्टेशन ओस पडतं. तसं ते ओस पडलं आणि मग माझं डोकं ठिकाणावर आलं. मी दार बडवायला लागले. हात सुजले. घसा बसला. बाहेर कुत्रंही भुंकलं नाही.

गोदामावशीला साखरेचा आजार. मघापासून ती पाय आवळून बसली होती. शेवटी म्हणाली, ‘आता न्हाई धरवत गं, पोरी.’

सकाळी आम्ही दोघींनी घासलेले संडास भिंतीच्या पलीकडे होते. स्वच्छ. कोरडे. तिनं फरशी पुसायची बादली ओढली आणि मला म्हणाली, ‘तोंड तिकडं कर.’ मी भिंतीकडे तोंड केलं. तिचं झालं, आणि मग ती रडायला लागली. आवाज न करता. रडण्याचासुद्धा आवाज बाहेर जाऊ नये, इतकी ती शिकलेली. मला तिची दया आली नाही. मला संताप आला. सुपरवायझरचा, फलकाचा, टाळ्यांचा, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माझाही.

उन्हं कलल्यावर कुलूप वाजलं. सुपरवायझर पाहुण्यांबरोबर जेवायला गेला होता. पोट भरून आला होता.

‘अरेच्चा, तुम्हाला विसरलोच की!’ तो हसला. मग त्याला वास आला. ‘शी! माणसं आहात का जनावरं? ए म्हातारे, आधी धुऊन काढ ते.’

‘व्हय साहेब,’ म्हणत गोदामावशी वाकली. त्याच्या आईच्या वयाची बाई.

मी बादली तिच्या हातातून घेतली आणि त्याच्या बुटापाशी ठेवली.

‘ती धुणार नाही. मीही नाही.’

‘मग कोण धुणार?’

‘कुलूप लावणारा.’

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘नवरा घरीच आहे ना तुझा? उद्यापासून तूही बस.’

नवरा घरीच होता. चाकणच्या कंपनीनं त्याला ब्रेक दिला होता, परत कधी बोलावतील याचा पत्ता नव्हता. घरात दोन लेकरं. गोदामावशी माझा पदर ओढत होती, ‘चल गं, कशाला वाढवतीस.’ पण मी हलले नाही. तोच हलला. फोन कानाला लावून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर गेले. त्यानं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. संडास धुवायला दुसरं कुणी इतक्या लवकर मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

आता परवा मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. निरोप आलाय, आत व्हायचं, आणि नाही झालात तर कामावरून कमी. नवरा अजून घरीच आहे. ‘या खेपेला हो आत, पुढचं पुढं बघू,’ असं काल तोही म्हणाला. गोदामावशीला विचारलं तर ती झाडू उचलून फलाट झाडायला लागली. तिचं तिनं ठरवावं.

माझं ठरलंय. मी आत जाणार नाही. झाडू घेऊन फलाटाच्या मधोमध उभी राहणार. कामावरून काढलं, तर पुढच्या पाहणीला तिकीट काढून येईन आणि त्याच जागी उभी राहीन. साहेबांना पुढं जायचं असेल, तर त्यांनी मला वळसा घालून जावं.