करवंटीतलं सोड्याचं पाणी

विलिमाइना साबण करायची. खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी घोटून केलेल्या तिच्या वड्या आमच्या सगळ्या बेटावर खपत. बाई तोंडाची फटकळ. मला म्हणायची, "म्हातारे, तुझी मान घासायला एक वडी पुरायची नाही." पण सख्खा भाऊ आपेनिसा दिसला की तोंडाला कुलूप. आमच्यात वयात आलेली बहीण भावाशी बोलत नाही, त्याला शिवत नाही. निरोप जायचा तो वहिनीकरवी.

त्या दिवशी तिनं सोड्याचं पाणी करवंटीत निवायला ठेवलं होतं. जर्मनच्या पातेल्याला ते खातं. आपेनिसा मासेमारीहून आला तो घसा कोरडा घेऊन. पाणी कसं नितळ दिसत होतं. त्यानं करवंटी उचलली. विलिमाइनानं पाहिलं, आणि सवयीनं वहिनीकडे वळून म्हणाली, "वासिती, त्यांना सांग, पिऊ नका."

वासिती चुलीपासून उठेपर्यंत झालं होतं. करवंटीतलं आम्ही घोट घोट पीत नाही, एका दमात रिती करतो. अर्धं घशात गेलं, अर्धं छातीवर सांडलं.

कुणी म्हणालं, नारळाचं दूध पाजा, ओकू द्या. तेवढ्यात दवाखान्यातली नर्स सालोते धावत आली. "ओकला तर वर येताना पुन्हा भाजेल. काही पाजू नका." तिनं त्याला चुळा भरायला लावल्या, छाती धुतली. तोवर त्याचा आवाज बसला, लाळ गळायला लागली, श्वासाला शीळ आली.

"घसा आतून सुजतोय," सालोते म्हणाली. "आडवं करू नका. बसवून, पुढं झुकवून धरा. मोठ्या इस्पितळापर्यंत."

होडीत वासितीला त्याचा भार धरवेना. विलिमाइना पुढं सरकली आणि भावाचं कपाळ तिनं आपल्या खांद्यावर घेतलं. कुणी तिला हटकलं नाही. मीही नाही, म्हणजे बघा.

"मी आहे," ती त्याला म्हणाली. "हळू घे. घे."

शीळ बारीक होत गेली. प्रवाळाच्या खिंडीत ऐकूच येईना.

"इंजिन बंद कर," ती होडीवाल्याला म्हणाली. "मला ऐकू दे."

"बंद केलं तर पोचू कधी, ताई?"

इस्पितळात डॉक्टरांनी त्याला बसलेलाच ठेवून गळ्याला छेद दिला, नळी घातली. तिथून श्वास आला.

आपेनिसा घरी आहे. नळी अजून आहे, आवाज नाही. गिळायची वाटही आकसत चालली आहे म्हणतात. विलिमाइना रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसते आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बोलते. निम्म्या माझ्या चहाड्या. नळीतली शीळ बारीक झाली की वाक्य अर्धं टाकून थांबते, आणि ऐकत राहते.